कुत्र्याचे कूळ आणि आपला अंदाज

कुत्रा हा माणसाचा फार जुना सोबती. वाळवे तालुक्यात कुठल्याही शिवारात जा, वस्तीवर कुत्रा नाही असे व्हायचे नाही. गुऱ्हाळावर तो आहे, उसाच्या फडावर आहे, मेंढराच्या वाड्यापाशी तर आहेच आहे. इतका जवळचा हा प्राणी. पण त्याच्याविषयी आपण जितकी ठाम आणि जितकी बिनबुडाची विधाने करतो, तितकी बैलाविषयी किंवा म्हशीविषयी करीत नाही. बैल घ्यायचा तर शेतकरी त्याचे दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो, जमल्यास औताला जुंपून बघतो आणि मग बोलतो. कुत्र्याच्या बाबतीत मात्र एक नजर टाकली की निकाल लागला. "हा कारवान आहे," "ह्याच्यात अल्सेशियनचं रक्त आहे," "हा गावठी," असे आपण सांगून मोकळे होतो.

या निकालाविषयीच आज आपल्याशी थोडे बोलावे असे मनात आहे. मी काही पशुवैद्य नव्हे. कॉलेजात तर्कशास्त्र शिकवणारा माणूस. पण हा प्रश्न जितका कुत्र्याचा आहे, तितकाच तो तर्काचाही आहे. म्हणून मी त्यात पडण्याचे धाडस करतो.

आमच्या इस्लामपुरात चहाच्या गाड्यावर चालणारे बोलणे तुम्हीही आपापल्या गावात ऐकले असेल. एखादा तरुण गळ्यात पट्टा बांधलेले, लांब पायांचे, सडपातळ पिल्लू घेऊन येतो. कोणीतरी विचारतो, "काय रं, कंचं पिल्लू?"

"कारवान हाय आबा. वरिजनल. बाप मुधोळचा."

"आन् आय?"

"आय हितलीच. पन पिल्लू बापावर गेलंय बगा."

"बाप बगितलास का तू?"

"न्हाई. इकणाऱ्यानं सांगितलं."

बघा, एवढ्याशा बोलण्यात सगळा प्रश्न आला. बाप कोणी पाहिलेला नाही, आईविषयी कोणाला आस्था नाही, आणि तरीही पिल्लू 'वरिजनल' आहे! आणि त्या एका शब्दासाठी त्या पोराने कदाचित महिन्याभराची मजुरी मोजलेली आहे.

आता हे मुधोळ प्रकरण आहे तरी काय? मुधोळ हे गाव आज कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात आहे. सांगलीहून जमखंडीच्या वाटेने गेले की ते लागते. पूर्वी तेथे घोरपड्यांचे मराठी संस्थान होते. १९४८ साली ते विलीन झाले. या भागात उंच, खोल छातीचा, पोट आत गेलेला, लांबट निमुळत्या तोंडाचा, नजरेने सावज हेरून वाऱ्यासारखा धावणारा शिकारी कुत्रा पुष्कळ काळापासून पाळला जात होता. मुधोळच्या मालोजीराव घोरपड्यांनी त्याच्या पैदाशीकडे लक्ष दिले. त्यांनी या कुत्र्यांची जोडी इंग्लंडचे बादशहा पाचवे जॉर्ज यांना भेट दिली, अशी आठवण सांगतात. २००५ साली भारताच्या टपालखात्याने चार देशी कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यांत मुधोळचा कुत्रा होता. मुधोळजवळ तिम्मापूर येथे त्याच्या संशोधनाचे आणि पैदाशीचे सरकारी केंद्र आहे. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने तामिळनाडूच्या राजापालयम आणि चिप्पीपराई यांच्या जोडीने मुधोळची स्वतंत्र जात म्हणून नोंद केलेली आहे.

पण गंमत पुढेच आहे. याच कुत्र्याला 'मुधोळ' म्हणावे की 'कारवान', यावर देशातल्या दोन मोठ्या श्वानसंस्थांचेच एकमत नाही. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या वहीत तो 'कॅरॅव्हन हाउंड' म्हणून आहे, तर इंडियन नॅशनल केनेल क्लबच्या वहीत 'मुधोळ हाउंड' म्हणून. काफिल्यांबरोबर, म्हणजे कारवानांबरोबर, तो आला म्हणून कारवान, अशी एका नावाची उपपत्ती देतात; दुसरे नाव गावावरून पडले. त्यातच कानांवर आणि शेपटीवर लोकरीसारखे केस असले तर त्याला लोक 'पश्मी' म्हणतात. जिथे जाणत्यांच्या दफ्तरी एका प्राण्याला दोन नावे आहेत, तिथे आपण चहाचा घोट घेता घेता "हा कारवान, मुधोळ न्हवं!" म्हणून पैज लावतो, याला काय म्हणावे?

नावांची ही गोष्ट एकट्या मुधोळची नाही. ज्याला आपण 'अल्सेशियन' म्हणतो तो मुळात जर्मनीतला मेंढपाळाचा कुत्रा. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास इंग्रजांना जर्मन हा शब्द नकोसा झाला आणि त्यांनी या कुत्र्याचे बारसे 'अल्सेशियन' म्हणून केले. इंग्लंडच्या केनेल क्लबाने १९७७ साली त्याला 'जर्मन शेफर्ड' हे नाव परत दिले. नाव दोनदा बदलले. कुत्रा होता तोच राहिला.

दुसरे उदाहरण तर घरोघरचे आहे. पांढरा, झुपकेदार शेपटीचा, टोकदार तोंडाचा छोटा कुत्रा दिसला की आपण त्याला 'पॉमेरियन' म्हणतो. १९९४ सालच्या 'हम आपके हैं कौन' या चित्रपटातला टफी आठवा. त्या टफीला बहुतेकांनी पॉमेरियनच ठरवले होते. वास्तविक तो इंडियन स्पिट्झ. इंग्रजांच्या काळात आलेल्या जर्मन स्पिट्झ कुत्र्यांपासून आपल्या हवेत टिकेल असा जो वाण इथे वाढला, तो हा. पॉमेरियन हा त्याचा चुलतभाऊ म्हणा, पण तोच नव्हे. म्हणजे ज्या कुत्र्याला आपण परदेशी समजून मिरवले, तो बराचसा इथलाच निघाला.

आणि डॉबरमन? ताठ कान आणि आखूड शेपटी ही डॉबरमनची खूण, असे शाळेतले पोरही सांगेल. पण श्रोतेहो, डॉबरमनचे कान जन्मतः लोंबते असतात आणि शेपूट चांगली लांब असते. ते कान आणि ती शेपूट पिल्लूपणी कापतात, तेव्हा ते रूप येते. आपण ज्याला रक्ताची खूण म्हणतो ती प्रत्यक्षात कात्रीची खूण आहे. केवळ दिसण्यासाठी मुक्या जनावराला असे कापणे ही क्रूरता आहे, हेही जाता जाता सांगतो.

पिल्लांच्या बाबतीत तर अंदाज आणखीच कच्चा. अंगभर काळे ठिपके असणाऱ्या डाल्मेशियनची पिल्ले जन्मतात तेव्हा पांढरी असतात, ठिपके मागाहून उमटतात. जर्मन शेफर्डच्या पिल्लांचे कान पहिले काही महिने पडलेले असतात. तेव्हा पाटीत घालून आणलेल्या दीड महिन्याच्या पिल्लाकडे बघून त्याचे कूळ सांगणे म्हणजे अंकुराकडे बघून कणसातले दाणे मोजण्यासारखे आहे.

आता कोणी म्हणेल, "मास्तर, नावात चूक होत असेल, पण रक्त लपत नाही. खाण तशी माती." या म्हणीचाच जरा विचार करू. त्यासाठी आपल्याला शेतात जावे लागेल.

तुम्ही उसाची लागण करता. को ८६०३२ ची कांडी लावली तर को ८६०३२ चाच ऊस येतो. कारण कांडी म्हणजे त्याच उसाचा तुकडा. त्यात दुसऱ्या कोणाची भेसळ नाही. पण हायब्रीड ज्वारीचे किंवा मक्याचे पीक घेतले आणि त्याच कणसाचे बी पुढच्या साली पेरले, तर काय होते? एक ताट उंच, एक बुटके, एक कणीस भरलेले, एक पोचट. पहिल्या वर्षीचे एकसारखे पीक दुसऱ्या वर्षी फुटून जाते. दोन वेगळ्या वाणांचे गुण एकदा एकत्र आले की पुढच्या पिढीत ते पिसलेल्या पत्त्यांसारखे वाटले जातात. जे मक्यात होते, तेच कुत्र्यात होते. कुत्र्यात गुणसूत्रांच्या ३९ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतला एक धागा आईचा, एक बापाचा. पिल्लागणिक वाटणी निराळी.

याची परीक्षा अमेरिकेत झालेली आहे. जॅक्सन प्रयोगशाळेत स्कॉट आणि फुलर या दोन शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे कुत्र्यांवर काम केले आणि १९६५ साली त्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी बसेंजी आणि कॉकर स्पॅनिअल या दोन जातींचा संकर केला. बसेंजी हा आफ्रिकेतला, ताठ कानांचा, आखूड केसांचा, फारसा न भुंकणारा कुत्रा. कॉकर स्पॅनिअल लोंबत्या कानांचा, लांब लाटदार केसांचा. यांची पिल्ले झाली, त्या पिल्लांची पिल्ले झाली. नातवंडांच्या पिढीत अशी काही पिल्ले निपजली की त्यांची आजी कोण आणि आजोबा कोण हे वही बघितल्याशिवाय कोणाला सांगता आले नसते. इथे तर दोनच जाती होत्या, आणि त्या आधी ठाऊक होत्या. मग ज्याचे चार पिढ्यांचे कोणीच काही लिहून ठेवलेले नाही, त्या रस्त्यावरच्या कुत्र्याचे कूळ आपण कशाच्या आधारावर सांगणार?

याचे कारणही शास्त्रज्ञांनी शोधले आहे. कुत्र्याचे केस लांब की आखूड, सरळ की कुरळे, तोंडावर दाढीमिशा आहेत की नाहीत, हे बहुतांशी अवघ्या तीन जनुकांवर ठरते, असे २००९ साली दिसून आले. कुत्र्याच्या शरीरात जनुके हजारोंनी आहेत. त्यांतली मूठभर डोळ्यांना दिसणारे रूप घडवतात. आपण ती मूठभर बघतो आणि हजारोंविषयी बोलतो. म्हणून केसाळ कुत्र्याचा बाप केसाळच होता असे नाही, आणि सडपातळ कुत्र्याचा आजा मुधोळचा होता असेही नाही. इतकेच काय, एकाच वेतातल्या पिल्लांचे बापही निरनिराळे असू शकतात! कुत्रीच्या बाबतीत हे घडते. एका कुशीतली चार पिल्ले चार तऱ्हेची दिसली तर नवल करू नये.

तरी शंका उरतेच की, आपले अज्ञान असेल, पण जाणता माणूस तर ओळखत असेल? तेही पाहून झाले आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात कुत्र्यांशी कामाने संबंध असणाऱ्या नऊशेहून अधिक लोकांना वीस मिश्र कुत्र्यांची हलती चित्रे दाखवली आणि त्यांची जात विचारली. मग ती उत्तरे रक्ताच्या, म्हणजे डीएनएच्या, तपासणीशी ताडून पाहिली. वीसपैकी चौदा कुत्र्यांच्या बाबतीत निम्म्याहून कमी लोकांचे उत्तर जुळले. आणि सात कुत्र्यांविषयी निम्म्याहून अधिक लोकांचे आपसात एकमत होते, तर त्यांपैकी तिघांच्या बाबतीत ते एकमतच चुकीचे निघाले. हे शेवटचे फार ध्यानात ठेवण्याजोगे आहे. सगळे गाव एकच म्हणते म्हणून ते खरे होत नाही.

इथे माझ्या विषयाचा थोडा आधार घेतो. आपल्या न्यायशास्त्रात धूर आणि अग्नी यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. डोंगरावर धूर दिसला तर तिथे अग्नी आहे, असे अनुमान करता येते. पण उलटे करता येत नाही. अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, असे नाही. लोहाराने भट्टीतून काढलेला लालबुंद गोळा पाहा. त्यात अग्नी आहे, धूर नाही. आपली चूक अशीच उलटी होते. मुधोळचा कुत्रा असेल तर त्याचे पोट आत गेलेले असते, हे खरे. पण पोट आत गेलेले आहे म्हणून तो मुधोळचा, हे खरे नव्हे. उपाशी कुत्र्याचेही पोट आत गेलेलेच असते!

आणखी एक मोठा गैरसमज आहे तो 'गावठी' या शब्दाविषयी. आपल्याला वाटते की आधी जातिवंत कुत्री होती, ती बिघडत बिघडत, मिसळत मिसळत गेली आणि गावठी कुत्रा तयार झाला. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. कुत्रा माणसाजवळ राहू लागला त्याला निदान चौदा हजार वर्षे झाली. आज ज्या शेकडो जाती नावानिशी सांगतात, त्यांतल्या बहुतेक गेल्या दोनशे वर्षांत, विशेषतः एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात, निवडून निवडून घडवल्या गेल्या. कुत्र्यांचे पहिले मोठे प्रदर्शन इंग्लंडात न्यूकॅसलला १८५९ साली भरले आणि तिथला केनेल क्लब १८७३ साली निघाला. तोवर कुत्र्याची वंशावळ वहीत लिहिण्याची पद्धतच रुजलेली नव्हती. आपल्या गावातला पिवळा, ताठ कानांचा, वळलेल्या शेपटीचा कुत्रा हा या सगळ्याच्या आधीचा. तो कोणाचा बिघडलेला नातू नव्हे. असलाच तर या जातिवंतांच्या आज्या-पणज्यांच्या भावकीतला आहे. शहराजवळच्या कुत्र्यांत अलीकडे परदेशी रक्त मिसळले असेल, नाही असे नाही. पण कान थोडा पडलेला दिसला की "ह्याच्यात लॅब्राडॉर आहे" म्हणणे हा केवळ तर्कट आहे.

आता डीएनएची तपासणी करून घेता येते, असेही कोणी सांगेल. येते. पण ती यंत्रणा नमुन्याशी नमुना ताडून पाहते. ज्या जातींचे नमुने तिच्या संग्रहात आहेत, त्यांच्याशीच तुलना होणार. संग्रह विलायती कुत्र्यांचा असला तर आटपाडीच्या मेंढपाळाच्या कुत्र्यालाही ती कुठल्यातरी विलायती घराण्यात बसवू पाहील. साधन चांगले आहे. पण साधनाची मर्यादा जाणून वापरावे.

श्रोतेहो, तुम्ही म्हणाल, चुकला अंदाज तर बिघडले काय? कुत्र्याला तर काही कळत नाही. बिघडते, आणि ते तीन ठिकाणी बिघडते.

पहिले नुकसान पैशाचे. 'कारवान', 'वरिजनल', 'डबल बोन' असल्या शब्दांवर पिल्ले विकली जातात. कागद मागितला तर "कागद कशाला, तोंड बघा की" असे उत्तर येते. लक्षात ठेवा, तोंड हा कागद नव्हे. वंशावळीचा दाखला हवा असेल तर आईबाप दोघांची नोंद दाखवायला सांगा, आई समक्ष बघा. नोंद नसेल तर ते पिल्लू आवडले म्हणून घ्या, पण नावाची किंमत मोजू नका. आणि २०१७ सालच्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही, हेही विक्रेत्याला सांगा. पुढे तेच पिल्लू मोठे होऊन मनासारखे दिसले नाही, की त्याला दूर नेऊन सोडून देण्यात येते. चूक अंदाजाची, शिक्षा जनावराला.

दुसरे नुकसान जिवाचे, आणि ते सगळ्यांत मोठे. 'गावठी कुत्रा चावला तर इंजेक्शन घ्यावे, घरच्या ब्रीडच्या कुत्र्याचे काही नसते,' अशी समजूत शिकलेल्या घरांतही आढळते. रेबीजचे विष जात विचारीत नाही. ज्या कुत्र्याला लस टोचलेली नाही तो कारवान असो, पॉमेरियन असो की उकिरड्यावरचा असो, धोका सारखाच. चावा लागला, नुसते दात ओरखडले, तरी जखम ताबडतोब साबण लावून वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही भरू नये. आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. डॉक्टर सांगतील त्या त्या दिवशी सगळी इंजेक्शने पुरी करावीत. हा रोग एकदा दिसू लागला की माणूस वाचत नाही. पण वेळेवर लस घेतली तर तो टळतो. तेव्हा कुत्रा कुठल्या कुळातला, हे विचारण्यापेक्षा त्याला लस कधी टोचली, हे विचारा.

तिसरे नुकसान न्यायाचे. २०२४ सालच्या मार्च महिन्यात केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने राज्यांना एक परिपत्रक पाठवले. पिटबुल, रॉटवायलर अशा तेवीस जाती आणि त्यांचे संकर यांच्या विक्रीला व पैदाशीला परवानगी देऊ नये, असे त्यात होते. कुत्र्यांच्या हल्ल्यांत माणसे जखमी होतात, मुले दगावतात; तेव्हा सरकारला काळजी वाटली यात गैर काही नाही. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने, संबंधितांचे म्हणणे न ऐकता काढले म्हणून, ते परिपत्रक रद्द ठरवले. कायद्याची बाजू कायदेपंडित पाहतील. मला खटकला तो 'संकर' हा शब्द. जाणत्यांनाही जे नुसते बघून ओळखता आले नाही, ते गावच्या चावडीवर कोण ओळखणार? रुंद डोक्याचा कुत्रा दिसला की तो पिटबुलचा ठरणार, आणि शेजाऱ्याशी बांधाचे भांडण असले तर जरा लवकरच ठरणार!

आणि स्वभाव तरी जातीवरून कळतो का? २०२२ साली अमेरिकेत अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारून, आणि त्यांतल्या दोन हजारांहून अधिक कुत्र्यांची जनुके तपासून एक मोठा अभ्यास झाला. एका कुत्र्याचे वागणे दुसऱ्यापेक्षा वेगळे असते, त्या वेगळेपणातला सुमारे ९ टक्के भाग तेवढा जातीने उलगडतो, असे त्यात दिसले. जातीचा काहीच संबंध नाही असे नव्हे. शरीराची ठेवण, धाव, राखणीची किंवा हाकण्याची ओढ यांत ती दिसते. पण समोरचा हा एक कुत्रा चावरा की मायाळू, हे त्याच्या जातीच्या नावावरून सांगता येत नाही. तो कसा वाढला, त्याला बांधून मारले की माणसांत वावरू दिले, तो आजारी आहे की धड, हे बघावे लागते.

जुन्या लोकांना हे कळत होते. माणदेशातला मेंढपाळ वाड्यासाठी पिल्लू ठेवतो तेव्हा त्याची वंशावळ काढीत बसत नाही. कुठली कुत्री रात्री जागी राहते, लांडगा आल्यावर कुठली पुढे होते, कुठली मेंढराला दात लावीत नाही, हे तो डोळ्यांनी बघतो आणि तिचे पिल्लू ठेवतो. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवतात. खंड्याने महाराजांचा जीव वाचवला, म्हणून त्याचे स्मारक झाले, असे सांगतात. खंड्या कुठल्या जातीचा होता हे लोक विसरले. त्याने काय केले ते विसरले नाहीत.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. हा विषय वर्गात घेण्याजोगा आहे आणि त्याला खर्च काही नाही. शाळेच्या आवारात नेहमी येणारा एखादा कुत्रा निवडा. मुलांना लांबूनच बघू द्या, जवळ जाऊ देऊ नका. प्रत्येकाने एकमेकांना न विचारता दोन गोष्टी लिहायच्या. एका बाजूला 'मला काय दिसते' म्हणजे रंग, कानाची ठेवण, शेपूट, चाल, अंगावरच्या खुणा. दुसऱ्या बाजूला 'मला काय वाटते' म्हणजे तो कुठल्या जातीचा, त्याचे आईबाप कोण. मग सगळ्यांचे कागद फळ्यावर उतरवा. डावी बाजू बरीचशी जुळेल. उजव्या बाजूला जितकी मुले तितकी मते निघतील. निरीक्षण आणि अनुमान यांतला फरक मुलाला एकदा असा दिसला की तो फरक पाठ करून घ्यावा लागत नाही. आणि ज्या मुलाने उजव्या बाजूला 'सांगता येत नाही' असे लिहिले असेल, त्याला नापास करू नका. त्या वर्गातले सगळ्यांत प्रामाणिक उत्तर तेच आहे.

शेवटी एक शब्द. मराठीत कुत्र्याच्या वाणालाही आपण 'जात' म्हणतो आणि माणसांच्या भेदांनाही 'जात'च म्हणतो. शब्द एक असल्यामुळे सवयही एक झाली आहे. चेहरा बघायचा, रंग बघायचा, आडनाव विचारायचे आणि मनातल्या मनात माणसाला एका खणात टाकून मोकळे व्हायचे. गाडीत शेजारी बसलेल्या अनोळखी पाहुण्याच्या बाबतीत आपण हेच करतो, आणि वर्गात नव्या आलेल्या मुलाच्या बाबतीतही कधीकधी हेच घडते. कुत्र्याच्या बाबतीत निदान पैदाशीच्या वह्या तरी आहेत, आणि तिथेही डोळ्यांचा अंदाज इतका फसतो. माणसाच्या बाबतीत तर रूपावरून कूळ आणि कुळावरून गुण ठरवण्याला कसलाच आधार नाही. पोराला वाढवताना आपण ही सवय त्याच्या हाती द्यायची की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे.

तेव्हा, श्रोतेहो, उद्या कोणी आपल्या कुत्र्याकडे बोट दाखवून "कुठल्या जातीचा?" असे विचारले, तर "ठाऊक नाही, पण लस टोचलेली आहे, राखण चांगली करतो आणि पोरांत खेळतो," एवढे खुशाल सांगा. यात कमीपणा नाही. जे ठाऊक आहे ते सांगितले, जे ठाऊक नाही ते सोडून दिले.